घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टिम निवडावी?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे इंटेलचा आय-७ ७७०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक असून त्यावर विंडोज १० आणि एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचा जुना फ्लाइट सिम्युलेटर) आजही सुरळीत चालते. मात्र विंडोज १०ची नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या मान्य यादीत बसत नाही, त्यामुळे आता काहीतरी ठरवणे भाग आहे.

मला निसर्गदृश्यांची फारशी हौस नाही. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर पावसाळी ढगांतून आयएलएसच्या (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांच्या) आधाराने उतरणे, जमले नाही तर पुन्हा वर जाऊन होल्डिंगमध्ये घिरट्या घालणे, असा उपकरणांवर विसंबून केलेला सराव मला आवडतो. जॉयस्टिक थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम आहे, सोबत रडर पेडल आहेत, आणि डोके वळवले की दृश्य वळावे यासाठी वेबकॅमवर ओपनट्रॅक वापरतो.

मला तीन वाटा दिसतात: आहे त्याच संगणकावर लिनक्स घालावे, नियम डावलून विंडोज ११ बसवावे, किंवा सरळ नवा संगणक घ्यावा. खर्च शक्यतो टाळायचा आहे, पण दर महिन्याला दुरुस्तीत रविवार घालवण्याचीही तयारी नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अंतिम अप्रोच

मुलुंडकर, आपण प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमचा विचारला आहे, परंतु माझ्या मते आधी सिम्युलेटर ठरवावा, त्याला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचे सॉफ्टवेअर कोणते ते पाहावे, आणि त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत निवडीला फारसा वाव उरतच नाही.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० आणि २०२४ या दोन्ही आवृत्त्या संगणकावर अधिकृतपणे केवळ विंडोजसाठी आहेत. लॉकहीड मार्टिनचा प्रीपार३डीही विंडोजचाच. याउलट लॅमिनार रिसर्चचा एक्स-प्लेन १२ विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मूळ स्वरूपात चालतो आणि कंपनीकडून घेतलेला एकच परवाना तिन्हींवर वापरता येतो. मुक्त स्रोतांचा फ्लाइटगिअरही तिन्हींवर चालतो, शिवाय तो विनामूल्य आहे. मात्र त्यातील विमानांचा दर्जा एकसारखा नाही, काही विमाने अतिशय मेहनतीने केलेली आहेत तर काही अर्धवट सोडलेली आढळतात.

आपली गरज उपकरणांच्या सरावाची आहे, म्हणून मी एक्स-प्लेनकडे झुकेन. या सरावात दृश्यांपेक्षा विमानाचे वागणे, रेडिओ साहाय्यक यंत्रणा आणि दिशादर्शनाची विदा (डेटा) यांना महत्त्व असते, आणि ही विदा दर २८ दिवसांच्या चक्राने बदलते. एफएसएक्समधली मूळ विदा २००६ची आहे, हे विसरू नये. विमानतळ प्राधिकरण भारतातील अप्रोचचे, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याच्या मार्गांचे, नकाशे संकेतस्थळावर खुले ठेवते. ते कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतात, त्यामुळे त्या बाबतीत लिनक्सची अडचण नाही. (जाता जाता: १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान चुकून सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरले होते. सिम्युलेटरमध्ये ढगांखालून बाहेर आल्यावर समोर दिसणारी पहिली धावपट्टी आपलीच, असे गृहीत धरण्याचा मोह किती स्वाभाविक आहे, हे आपणही करून पाहावे.)

नियम डावलून विंडोज ११ बसवण्याचा सल्ला मी देणार नाही. ते बसते आणि बऱ्याचदा चालतेही, परंतु अशा संगणकांना अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी विंडोज १० सोडायचे तेच कारण शिल्लक राहते. त्यापेक्षा आणखी एक वाट आहे, जी आपल्या यादीत नाही. एफएसएक्सला उडण्यासाठी इंटरनेट लागत नाही. तो संगणक विंडोज १०वरच ठेवून जाळ्यापासून तोडला आणि बँकेचे व्यवहार, ईमेल वगैरे दुसरीकडे केले, तर धोका पुष्कळ कमी होतो.

घाटकोपरची गच्ची

वरील प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. २७वर उतरणारी विमाने आमच्या डोक्यावरून जातात, त्यामुळे खालची वस्ती, खाडी आणि डोंगर ओळखीचे दिसले नाहीत तर माझे मन रमत नाही, आणि ते समाधान मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरइतके दुसरीकडे मिळत नाही. फ्लायबायवायर या गटाचे ए-३२० तिथे विनामूल्य मिळते, पीएमडीजी आणि फेनिक्स या कंपन्यांची विमाने आहेत. ज्याला हे हवे आहे त्याने विंडोज ११ घ्यावे आणि वाद संपवावा.

स्टीमच्या प्रोटॉन या, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या आवरणाच्या मदतीने हा सिम्युलेटर लिनक्सवरही अनेकजण चालवतात, हे खरे. परंतु त्याला अधिकृत पाठबळ नाही, आणि त्याच्याशी बोलणारी जोड-सॉफ्टवेअर सिमकनेक्ट या मायक्रोसॉफ्टच्या दुव्यामार्फत बोलतात, तेव्हा प्रत्येकाला त्याच आवरणात आणून बसवावे लागते. रविवार वाचवू इच्छिणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. आभासी यंत्रात विंडोज घालून त्यात सिम्युलेटर चालवण्याचा विचारही करू नये, कारण एकुलते एक ग्राफिक्स कार्ड यजमान प्रणालीकडे अडकलेले असते.

मात्र मुलुंडकरांच्या सध्याच्या संगणकावर मी हे सुचवणार नाही. २०२४च्या आवृत्तीसाठी १६ जीबी रॅम ही किमान अट आहे, शिफारस ३२ जीबीची आहे, आणि दृश्ये सतत इंटरनेटवरून येत असल्यामुळे जोडणीही भक्कम लागते. म्हणजे ही वाट नव्या संगणकाचीच.

पेंग्विनप्रेमी

एक्स-प्लेन ठरले असेल तर लिनक्सविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या विषयावर भीती आणि भक्ती दोन्ही गरजेपेक्षा जास्त आढळतात.

लिनक्सचे वितरण (उबुंटूसारखी तयार आवृत्ती) कोणते घ्यावे यावर फार वेळ घालवू नये. उबुंटू २४.०४ ही दीर्घकालीन आधाराची आवृत्ती असून तिला पाच वर्षे सुरक्षा अद्यतने मिळतात. सिम्युलेटरच्या संगणकाला स्थैर्य हवे असते, नावीन्य नव्हे. खरा विचार ग्राफिक्स ड्रायव्हरचा करावा. एक्स-प्लेन १२ लिनक्सवर व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीमधून चित्र काढतो आणि त्यासाठी एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. आपले १०६० हे पास्कल पिढीचे कार्ड आहे आणि ५८० ही त्या पिढीला आधार देणारी शेवटची ड्रायव्हर-शाखा आहे. म्हणून तीच शाखा निवडून ठेवावी आणि ड्रायव्हर आपोआप पुढच्या शाखेवर जाऊ देऊ नये, नाहीतर अद्यतनानंतर एके दिवशी काळा पडदा समोर येईल. विंडोजवरही या कार्डांना आता केवळ सुरक्षा अद्यतनेच मिळणार असल्यामुळे, हा मुद्दा लिनक्सच्या विरोधातला मानू नये.

टी-१६०००एम आणि पेडल यांना लिनक्सचा कर्नल थेट ओळखतो. थ्रस्टमास्टरचे टार्गेट हे सॉफ्टवेअर मात्र विंडोजपुरतेच आहे, त्यामुळे त्यात बनवलेली बटणांची मांडणी एक्स-प्लेनच्या सेटिंगमध्ये नव्याने करावी लागेल. ओपनट्रॅकची लिनक्स आवृत्ती उपलब्ध आहे. विमाने घेताना प्लगिन तिन्ही प्रणालींसाठी दिले आहे ना, एवढे पाहावे. झिबोचे विनामूल्य ७३७ आणि टोलिसची एअरबस विमाने लिनक्सवर चालतात. व्हॅटसिम या, हवाई नियंत्रकांसह ऑनलाइन उडण्याच्या जाळ्यावर उडत असाल तर त्याला जोडणारा एक्स-पायलटही लिनक्सवर चालतो.

आता बसवण्याची पद्धत. आहे त्या एसएसडीचे तुकडे पाडून दोन प्रणाली शेजारी नांदवण्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून दुसरी एसएसडी आणावी आणि लिनक्स बसवताना पहिलीची केबल काढून ठेवावी. त्यानंतर कोणत्या डिस्कवरून सुरू करायचे ते बायोसच्या मेनूतून निवडता येते आणि एका प्रणालीचे अद्यतन दुसरीचा बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा भाग) बिघडवू शकत नाही.

दोन्ही प्रणाली ठेवल्यावर भारतात एक गंमत हमखास होते. लिनक्स संगणकाच्या मुख्य घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे समजतो, त्यामुळे विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. सिम्युलेटर संगणकाची वेळ पाळत असेल तर संध्याकाळी सात वाजता बसलेल्या माणसाला मुंबईवर भर दुपारचे ऊन दिसते. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने मुख्य घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की हा घोळ मिटतो.

मुलुंडकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ‘अंतिम अप्रोच’ यांचा प्रतिसाद वाचून ती महत्त्वाची असावी असे वाटते. माझ्याकडे अर्डुइनो मेगा या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर बनवलेले रेडिओचे पॅनेल आहे. दोन रोटरी एन्कोडर (फिरवायच्या खुंट्या), काही बटणे आणि वारंवारिता दाखवणारे सात-खंडी आकडे असे त्याचे स्वरूप असून ते मोबीफ्लाइट या, पॅनेल सिम्युलेटरशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालते. ते पॅनेल सोडायचे नाही.

अंतिम अप्रोच

मग हिशोब बदलला. मोबीफ्लाइट हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. जॉयस्टिकपेक्षा, विमानापेक्षा आणि सिम्युलेटरपेक्षाही आपल्या बाबतीत हे एक पॅनेलच ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. ते एक्स-प्लेनशी जोडता येते, परंतु विंडोजवर.

पेंग्विनप्रेमी

एवढ्यावर लिनक्स बाद करू नये. प्रो मायक्रोसारखा अर्डुइनो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकतो, आणि तसे केल्यावर एन्कोडर व बटणे कोणत्याही मध्यस्थ सॉफ्टवेअरशिवाय लिनक्सवर चालतील. मेगाला ते थेट जमत नाही, म्हणजे बोर्ड बदलावा लागेल. आकड्यांचा भाग अवघड आहे, कारण तिथे माहिती उलट्या दिशेने, म्हणजे सिम्युलेटरकडून पॅनेलकडे जायला हवी. एक्स-प्लेन आपली अंतर्गत मूल्ये यूडीपी या नेटवर्क पद्धतीने पाठवतो आणि त्यासाठीची मागणी ४९००० या पोर्टवर ऐकतो. ती वाचून सिरियल पोर्टवर लिहिणारा छोटा पायथन कार्यक्रम लिहावा लागेल. प्रोग्रामिंगची आवड असेल तर हे काम आनंदाचे आहे, नसेल तर नाही.

घाटकोपरची गच्ची

म्हणजे पुन्हा रविवार गेले. मुलुंडकर, आपली अट आठवा.

अंतिम अप्रोच

माझे मत आता असे आहे. विंडोज १० आणि एफएसएक्सची सध्याची डिस्क जशीच्या तशी ठेवावी, जाळ्यापासून तोडावी आणि पॅनेल तिथेच चालू द्यावे. दुसऱ्या एसएसडीवर उबुंटू घालून एक्स-प्लेनचा विनामूल्य डेमो उतरवावा. परवाना विकत घेण्यापूर्वी १०६०वर ढगाळ हवामानात फ्रेमचा वेग किती राहतो ते तपासावे, कारण एक्स-प्लेन १२मध्ये ग्राफिक्स कार्डाची कसोटी ढगच पाहतात आणि आपला सारा सराव ढगांतला आहे. वेग पुरेसा नसेल, तर सुटे भाग बदलत बसू नये. नवा संगणक विंडोज ११सह घ्यावा आणि पॅनेल त्याला जोडावे. वेग पुरेसा असेल, तर परवाना घ्यावा, प्रो मायक्रो बोर्ड आणून आधी फक्त एन्कोडर जॉयस्टिक म्हणून चालतात का ते पाहावे, आणि आकडे तूर्त पडद्यावरच वाचावेत.