मदत हवी आहे: जामीन मंजूर, जामीनदार मिळत नाही, भाऊ अजून आत

नीलिमा_घाटकोपर: धाकट्या भावाला जामीन मंजूर होऊन दीड महिना झाला, तरी तो आतच. 15 हजारांचा जामीनदार मागितलाय. आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो, आणायचा कुठून? खोलीमालक तर दारच उघडत नाही. परवा मुलाखतीला गेले तर मान खाजवत उभा होता, खरजेने सोललीय. म्हणाला, रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागतं. आई धड जेवत नाहीये. लवकर सांगा.

वामनकाका: कलम कोणतं? आधीच्या केसेस? आर्थर रोडला आहे की तळोज्याला? काहीच लिहिलं नाहीस, बाळ.

नीलिमा_घाटकोपर: चोरी, 303(2). पहिलीच केस. चार महिने झाले आत. तुरुंगाचं नाव इथे नको, काका.

संजय_दादर: नागरिक सुरक्षा संहितेचं (नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 479 धरा. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सोडायला हवं. बाकी काही करू नका.

वामनकाका: चोरीला कमाल 3 वर्षं, तृतीयांश म्हणजे 1 वर्ष. पोराने अजून आठ महिने आत काढायचे? जामीन झालाय हो, अडलंय जामीनदारापाशी!

संजय_दादर: ओरडू नका. देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले, आहेत, हे कलम कोणाला माहीतच नसतं म्हणून सांगितलं.

परळकर: कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार म्हणून उभे राहणारे मिळतात. विचारून बघा.

वामनकाका: अजिबात नको. अशा माणसाचं रेशनकार्ड बोगस निघालं तर जामीन जाईल आणि नवी केस लागेल.

आटपाडीचा_संतोष: आमच्याकडे स्वतंत्रपूरला 1939 पासून कैद्यांची खुली वसाहत आहे. कैदी शेती करतात, बायकापोरांसह राहतात. असं सगळीकडे का नाही?

वकील_मेघना: संतोष, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन. नीलिमाताई, सर्वोच्च न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश वाचा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) कळवायचं असतं. महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं. तुमचा महिना केव्हाच उलटलाय. तोवर तात्पुरता रोख जामीन मागा, मुंबईत सर्रास देतात, त्या मुदतीत जामीनदार उभा करायचा. गावाकडे कोणाची जमीन आहे का?

नीलिमा_घाटकोपर: चुलत्यांची आहे, जुन्नरला. पण आमचे वकील म्हणाले, जामीनदार मुंबईचाच लागतो.

वकील_मेघना: त्याच निर्देशांत म्हटलंय की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, ती अट घालू नये. ऑर्डरमध्ये काय लिहिलंय? शब्द न् शब्द वाचा.

वामनकाका: आधी ऑर्डर बघ, मग बाकीचं.

नीलिमा_घाटकोपर: आत्ता पिशवीतून काढून वाचली. ‘एक सक्षम जामीनदार’ एवढंच आहे. मुंबईचा असं कुठेच नाही. दीड महिना आम्ही लोकांचे उंबरे झिजवत होतो. जुन्नरच्या काकांना फोन केलाय, पहाटेच्या एसटीने निघतायत. सातबारा नवीन काढलेला लागतो की घरातला चालेल?