वीस लिटर बिअरसाठी शंभर लिटर पाणी गटारात का सोडायचं?

कढईवाला (मेलबर्न)
इथे आपल्यापैकी बरेच जण घरी बिअर करतात. वर्ट (माल्टचा उकळलेला गोड रस, ज्यात गार झाल्यावर यीस्ट टाकतात) गार करायला किती पाणी जातं, कुणी बघितलंय? वीस लिटर १०० अंशांवरून २५ वर आणायचं म्हणजे १५०० किलोकॅलरी उष्णता काढायची. तांब्याच्या वेटोळ्यातून, म्हणजे चिलरमधून, जाणारं नळाचं पाणी सरासरी १५ अंशांनी तापलं, तर झाले शंभर लिटर. त्यातलं बरंचसं शेवटच्या दहा-पंधरा अंशांवर खर्ची पडतं, कारण तेव्हा आत गेलेलं पाणी जवळजवळ तसंच बाहेर येतं.

माझं मत स्पष्ट आहे: चिलर काढून टाका, नो-चिल करा. उकळता वर्ट थेट जाड एचडीपीई (उष्णता सोसणारं प्लास्टिक) कॅनमध्ये भरायचा, कॅन दाबून हवा काढायची, झाकण घट्ट करून आडवा ठेवायचा, म्हणजे झाकणालाही उकळता वर्ट लागतो. रात्रभर आपोआप गार होतो, सकाळी यीस्ट. ही रीत इथल्याच, ऑस्ट्रेलियातल्या, होमब्रूअर मंडळींनी रुळवली. दुष्काळात, २००८ साली, मेलबर्नला माणशी रोज १५५ लिटरचं उद्दिष्ट दिलं होतं. त्या हिशेबानं एका बॅचचं गार करणं म्हणजे एका माणसाचं दिवसाचं दोन तृतीयांश पाणी.

हॉपबापू
पाणी वाचलं, बिअर गेली. ८० अंशांच्या वर हॉप्समधला (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) कडूपणा उतरतच राहतो. तुमचा कॅन तासभर तरी त्याच्या वर असणार. शेवटच्या पाच मिनिटांत वासासाठी टाकलेले हॉप्स कडू होऊन बसतात आणि वास मात्र गायब. आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) करणाऱ्यानं हे कशाला सोसायचं? पिल्सनर माल्ट (फिक्या रंगाचं, मोड आणून वाळवलेलं बार्ली) असेल तर आणखी पंचाईत: गरम वर्टमध्ये डीएमएस (गंधकाचं एक वासाचं संयुग) तयार होत राहतो, आणि बंद कॅनमधून तो उडून जाणार कुठे? उकडलेल्या मक्याचा वास येतो मग.

कढईवाला
बापू, हॉप्स वीसेक मिनिटं उशिरा टाका, कडूपणाचा मेळ बसतो. वासाचे हॉप्स फर्मेंटरमध्ये (बिअर आंबते त्या भांड्यात) टाका, नाहीतरी आयपीएवाले तेच करतात. पिल्सनर माल्ट असेल तर नव्वद मिनिटं खळखळून उकळायचं, झाकण न ठेवता.

सूक्ष्मदर्शी
चवीवर भांडा खुशाल, पण एक गोष्ट चेष्टेवारी नेऊ नका. वर्टचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) पाचच्या आसपास असतो आणि बंद कॅनमध्ये हवा नसते. बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत आणि पीएच ४.६ च्या वर असेल तर ते रुजू शकतात. दुसऱ्या दिवशी यीस्ट टाकलं की पीएच उतरतो, अल्कोहोल येतं, प्रश्न मिटतो. पण "कॅन भरून ठेवू, महिन्याभरानं बघू" हे मी तरी करणार नाही. इथे बरेच जण करतात आणि वर छातीठोकपणे सांगतातही.

लातूरकर (सध्या सॅन होजे)
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. २०१६ मध्ये माझ्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्यामुळे नळ सोडून देणाऱ्याची बाजू माझ्याकडून घेतली जाणार नाही. पण शंभर लिटरवरून एवढा गहजब कशाला? जगाची सरासरी धरली तर एक लिटर बिअरमागे सुमारे ३०० लिटर पाणी लागतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं बार्लीच्या शेतात. वीस लिटरचे सहा हजार झाले. तुम्ही शंभर वाचवून मिशीला पीळ देताय!

कढईवाला
ते सहा हजार बहुतांश पावसाचे, बार्ली पिकते तिथले. हे शंभर धरणातून आलेले, शुद्ध केलेले, माझ्या मीटरवरचे. दोन्ही एका पारड्यात कसे टाकता?

मीनाताई (ॲडलेड)
अहो, मधला रस्ता आहे की! आमच्याकडे पहिल्या दोन बादल्या, ज्या हात भाजतील इतक्या गरम येतात, त्या पातेलं आणि पाईप धुवायला. त्यातच सोडियम परकार्बोनेट (धुण्याची एक पावडर) टाकायचं, गरम पाण्यात ते चांगलं काम करतं. पुढचं कोमट पाणी वरून भरायच्या वॉशिंग मशीनमध्ये. आणि ४० अंशांना नळ बंद. तिथून २० पर्यंत आणायला गणितानं चार किलो बर्फ, प्रत्यक्षात जरा जास्त. टबमध्ये बर्फाचं पाणी आणि छोटा पंप, तेच पाणी चिलरमधून फिरतं. बापूंचे हॉप्सही वाचतात.

जंतुनाशकाचं मात्र कुणीच बोललं नाही. फॉस्फोरिक ॲसिडवालं, न विसळता चालणारं घेतलं तर बादलीभर करायची गरजच नाही. स्प्रेच्या बाटलीत अर्धा लिटर पुरतं, पीएच तीनच्या खाली आहे तोवर तेच वापरायचं.

हॉपबापू
ताई, पंपाचं जमेल. कॅनमध्ये मात्र माझा आयपीए जाणार नाही.

नवशिका_पुणे
हे सगळं पुण्यात घरी करता येईल का? कॅन कुठे मिळतो?

सूक्ष्मदर्शी
कॅन मिळेल हो, परवान्याचं काय? महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्या घरी असलं तरी. मायक्रोब्रूअरीत जाऊन प्या.

लातूरकर
आणि तिथल्या माणसाला विचारा, एका लिटरमागे पाणी किती लागतं. मोठ्या कारखान्यांत ते तीन-चार लिटरच्या आसपास असतं. कढईवाले, तुमचं नो-चिल करून धुण्याबिण्यासकट किती बसतं? तो आकडा टाका, मग चिलर विकायचं बघू.