आईच्या डोळ्याची अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्र) डाय, म्हणजे शिरेतून द्यायचा रंग, न टोचता करणार आहेत, त्यात काही सुटून तर जाणार नाही ना?

नौपाडाकर:
आई 74 वर्षांची. डाव्या डोळ्याने तिला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसायला लागली. ठाण्यातल्याच रेटिनाच्या (डोळ्यातल्या पडद्याच्या) डॉक्टरांनी ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन, केली. पडद्याखाली पाणी आहे, वयामुळे होणारं मॅक्युलर डीजनरेशन (पडद्याच्या मधल्या भागाची, म्हणजे मॅक्युलाची झीज), त्यातला 'वेट' प्रकार, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या उगवून पाझरणारा, असावा म्हणाले. आता ओसीटी अँजिओग्राफी सांगितली आहे. सोसायटीतल्या एका काकांची मात्र हाताच्या शिरेत डाय टोचून केली होती. आईच्या अंगावर मागे सीटी स्कॅनच्या औषधाने पित्त उठलं होतं, त्यामुळे ती डायच्या नावानेच घाबरते. बिनडायच्या तपासणीवर विसंबून राहता येतं का?

वाशीची ऑप्टोमेट्रिस्ट:
ताई, हे मशीन मी रोज चालवते. यात टोचणं नाही, एक्स-रे नाही, नुसता प्रकाश. एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन होतात. जे स्थिर आहे ते प्रत्येक स्कॅनमध्ये सारखंच येतं. लाल पेशी धावत असतात तिथे फरक पडतो आणि त्या फरकातून रक्तवाहिन्यांचं चित्र तयार होतं. मॅक्युलाच्या बाहेरच्या थरांत मुळात रक्तवाहिन्या नसतात. तिथे जाळं दिसलं की ते नव्याने उगवलेलं.

गळती मात्र यात दिसत नाही, ती डायमध्येच दिसते. पण आईंच्या ओसीटीत पाणी दिसलेलं आहेच, त्यामुळे दोन्ही चित्रं शेजारी ठेवून डॉक्टरांना बहुतेकदा निर्णय घेता येतो. आपल्या आशियाई लोकांत पॉलिपॉयडल नावाचा प्रकार (रक्तवाहिन्यांच्या टोकांना फुगे येणारा) जास्त आढळतो. त्याची शंका आली तर आयसीजी नावाचा हिरवा डाय लागू शकतो. त्यात आयोडीन असतं, म्हणून ते पित्ताचं डॉक्टरांना आधीच सांगा आणि फाइलवर लिहून घ्या.

डोळा हलला की चित्रात आडवी पांढरी रेघ येते आणि जाळं तिथेच तुटतं. म्हणून मी आधी डोळे ओले राहण्याचे ड्रॉप घालते, कपाळ पट्टीला नीट टेकवून घेते, पापण्या दोनतीनदा मिटायला लावते, मगच 'आता दिव्याकडे बघा' म्हणते. वयस्कर माणसांना घाई केली की स्कॅन हमखास बिघडतो. आईंना दम खायला वेळ द्या म्हणून तिथे निःसंकोच सांगा, तो त्यांचा हक्क आहे.

कळवेकर:
बाबांची अँजिओग्राफी फ्लुरोसीन नावाच्या पिवळ्या डायने झाली होती. थोडं मळमळलं, दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी गडद पिवळी होत होती, बाकी त्रास नाही. तपासणी कुठलीही होवो, डॉक्टरांनी डोळ्यातलं इंजेक्शन सांगितलं तर ते लांबवू नका. वेटमध्ये गेलेली नजर सगळी परत येईलच असं नसतं.

नौपाडाकर:
मनापासून आभार. उद्याचीच वेळ मिळाली आहे. उजव्या डोळ्याने तिला नीट दिसतं, त्याचीही करावी का?

वाशीची ऑप्टोमेट्रिस्ट:
हो, डॉक्टरांना विचारून दोन्ही डोळ्यांची करून घ्या. एका डोळ्यात झालं की दुसऱ्यालाही धोका वाढतो. घरी चौकोनांचा आम्सलर तक्ता लावा. वाचायचा चष्मा घालून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. उजव्या डोळ्याला रेघ वाकडी किंवा तुटलेली दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.