पहिला व्हाइस: पैसे जबड्यात घालावेत, फिरकीत नाही

पिसारा
फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेली मासेमारीची नकली माशी, बांधायला नव्याने बसणाऱ्याला हल्ली सरसकट एकच सल्ला मिळतो: पहिला व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा) रोटरीच, म्हणजे धरलेला गळ फिरवता येणाराच घ्या. मला तो पटत नाही. बजेट बेताचं असेल तर सगळा पैसा गळ पकडणाऱ्या जबड्यात जायला हवा.

माझा पहिला व्हाइस गरागरा फिरायचा. 14 नंबरचे गळ छान धरायचा. मग 2/0 च्या जाड गळावर हरणाचे केस बांधायला घेतले. हे केस गळाच्या दांड्याभोवती फुलून उभे राहायचे तर दोरा करकचून ओढावा लागतो. प्रत्येक ओढीला गळाचं नेढं गव्हाच्या दाण्याएवढं खाली जायचं. मी खटका आणखी आवळला. महिन्याभराने बघतो तर जबड्याच्या आतल्या अंगाला गळाच्या जाडीची खाच पडलेली. पोलाद मऊ होतं. पुढे 18 चा बारीक गळ त्या खाचेत सैलच पडायचा.

फिरकी नसली तर मान वाकवून पलीकडची बाजू बघता येते. मऊ जबड्याला इलाज नाही.

संथपाणी
इलाज नाही कसा? कित्येक व्हाइसचे जबडे सुटे मिळतात, बदलता येतात. आणि फिरकी ही चैन नव्हे. नुसतं डोकं फिरणारा व्हाइस आणि खरी रोटरी यांत गल्लत होतेय. खऱ्या रोटरीत गळाचा दांडा फिरण्याच्या अक्षावरच येतो, त्यामुळे गळ वरखाली झुलत नाही, जागच्या जागी फिरतो. वूली बगर ही शेपटीवाली फ्लाय बांधताना एका हातात हॅकलचं, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं पीस धरायचं, दुसऱ्याने व्हाइसची मूठ फिरवायची. वेढे एकसारख्या अंतरावर पडतात.

शिवाय नवशिक्याची चूक बहुधा पलीकडेच असते. आपल्या बाजूने शेपूट सरळ दिसते, तिकडे ती दोऱ्याबरोबर घसरलेली असते. अर्धा फेरा दिला की तिथल्या तिथे दिसतं. मान वाकवून ते दिसतं खरं, पण दर दोन वेढ्यांनी मान वाकवतो कोण?

पिसारा
मूठ फिरवताना बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं साधन) लोंबकळत असेल तर दोराही गुंडाळला जातो. म्हणजे बॉबिन टेकवायला वेगळा क्रेडल हवा. त्यात अक्ष जरा तिरका असला की गळ झुलतोच, आणि स्वस्त रोटरीत नेमका तिथेच हात आखडता घेतलेला असतो.

काठावरचा
मला दोघांचंही म्हणणं महागडं वाटतं. नामवंत अमेरिकी मासेमार ली वुल्फ (1905–1991) व्हाइसशिवाय, निव्वळ बोटांत गळ धरून फ्लाय बांधत. आपल्याला ते जमणार नाही, मान्य. पण थॉम्पसन कंपनीच्या मॉडेल ए धर्तीचा साधा व्हाइस काय वाईट आहे? लिव्हर दाबला की जबडा नळीत मागे ओढला जातो आणि दोन्ही पाती गळावर आवळतात. न फिरणाऱ्या असल्या व्हाइसवर कितीतरी लोक शिकले.

कुठला मासा धरायचाय ते आधी ठरवा. ट्राउटसाठी 10 ते 16 नंबरचेच गळ बांधणार असाल तर 2/0 ची चिंता कशाला? बैठकीकडे मात्र बघा. क्लॅम्पवाला व्हाइस टेबलाच्या कडेला पक्का बसतो, पण कड फार जाड असली तर लागतच नाही. जड बैठकीवाला कुठेही ठेवता येतो. बैठक हलकी असली की दोरा ओढताना अख्खा व्हाइस पुढे सरकतो.

पिसारा
साध्या व्हाइसला माझा विरोध नाहीच, जबडा कडक असला म्हणजे झालं. घेताना आपले गळ सोबत न्या, सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक. गळाच्या वळणाचा खालचा भाग जबड्यात धरा, दांडा आडवा ठेवा, नेढ्यावर बोटाने दाबा. तार किंचित लवून परत वर यायला हवी. गळ जबड्यातच फिरला तर तो व्हाइस घेऊ नका.

संथपाणी
आत्ताच माझ्या रोटरीवर करून पाहिलं. 16 चा गळ जागचा हलला नाही, 1/0 दोनदा घसरला. जबड्यांमधलं अंतर 16 साठी लावलेलं तसंच राहिलं होतं. स्क्रू सैल करून अंतर वाढवलं, गळ थोडा आत सरकवला, मग खटका दाबला. आता तार लवते, गळ सुटत नाही. जबड्याचं तुमचं म्हणणं घेतलं. फिरकी मात्र मी सोडणार नाही. आजच्या वूली बगरची शेपूट पलीकडे घसरलेली मला तिच्यामुळेच दिसली.