मॅकबेथचं मन शब्दांत दिसतं की शब्दांआड लपतं?

स्वगतवेडा:
शोकांतिकेच्या नायकाचं मन कृतीपेक्षा त्याच्या भाषेत जास्त दिसतं, असं माझं ठाम मत आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात सेनानी मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो, पण तो खून रंगमंचावर होतच नाही. दिसतो तो त्याआधी मॅकबेथची झोप उडवणारा, त्याच्या एकट्याच्या डोळ्यांपुढचा खंजीर. तोही फक्त शब्दांतून. खून करून आल्यावर तो एकच सांगत सुटतो: कुणी झोपेतून जागं होऊन प्रार्थना पुटपुटलं, मला 'आमेन' म्हणायचं होतं, ते घशातच अडकलं. राजाला मारून आलेला योद्धा एका शब्दासाठी तडफडतो! पुढे बायकोला म्हणतो, माझं मन विंचवांनी भरलंय. आणखी काय उघडं करायचं राहिलं?

तिसरी घंटा:
मुळीच पटलं नाही. सैरभैर माणसाला इतकं घडीव बोलता येत नाही. ते विंचू कवीचे आहेत. मन बघायचं तर शेक्सपिअरच्याच 'ऑथेल्लो' नाटकाच्या चौथ्या अंकात बघा. हाताखालचा अधिकारी इयागो ऑथेल्लोच्या कानात बायकोच्या बेइमानीचं विष ओततो, तिचा रुमाल पुरावा ठरवतो, आणि ऑथेल्लोचं भारदस्त पद्य कोसळतं. रुमाल, कबुली, पुन्हा रुमाल, असे गद्याचे तुकडे तोंडातून पडतात आणि तो झटका येऊन कोसळतो. मरताना मात्र भाषा परत डौलात! तिथे तो जगाने आपल्याला कसं आठवावं याची तजवीज करतोय.

स्वगतवेडा:
पण ती तजवीज करावीशी वाटणं हेही मनच ना? पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ खुनाचं नाव न घेता सुरुवात करतो: 'ते' करून संपणार असेल, तर लवकर उरकलेलं बरं. त्या 'ते'मध्ये त्याची सगळी भीती आहे.

विंगेतली:
दोघेही लेडी मॅकबेथला विसरलात. पाचव्या अंकात ती झोपेत चालते तेव्हा तिचं बोलणं गद्यात येतं, विस्कटलेलं. ती गेल्याची बातमी येते तेव्हा मॅकबेथ मात्र पद्यातच बोलतो, आणि दोन वाक्यांत तिला मागे टाकून उद्या, परवा, आयुष्य निरर्थक, याकडे वळतो. मला तिथे फार भीती वाटते. त्याची भाषा शाबूत आहे, रडणं संपलंय.

तिसरी घंटा:
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

विंगेतली:
नाही. तुटलेली भाषाच खरी, हे मला मान्य नाही. त्याच प्रवेशात थोडं आधी तो म्हणतो, भीतीची चवही मी विसरत चाललोय. हे त्याला नीट सांगता येतं, कारण आत आता काही हलत नाही.