मदत हवी आहे: गायरानावर कुसळीच उरली, मारवेल-पवना परत कसा आणावा?

प्रश्न: पाटोदा तालुका, बीड. बालाघाटाच्या माथ्यावर गावचं गायरान, साधारण ४० एकर. वीतभर माती, खाली मुरूम. चराई बारमाही. मारवेल, पवना ही चाऱ्याची चांगली गवतं तुरळक. कुसळी (टोचऱ्या कुसळांचं गवत) आणि गाजर गवत सगळीकडं. ओढ्याकडून वेडी बाभूळ वर चढतेय. काळविटं अजून दिसतात. ग्रामपंचायतीचा विचार उताराला आडवे सलग चर खोदून गिरिपुष्पाची झाडं लावायचा आहे. त्यानं चारा वाढेल का?

माळरान्या: नाही वाढणार. एवढ्या उथळ जमिनीत यंत्रानं चर मारला की गवताची मुळं उलथतात, मुरूम वर येतो आणि त्यावर आधी गाजर गवत, टाकळाच रुजतो. मारवेल, पवना उन्हाची गवतं आहेत. गिरिपुष्पाची दाट सावली पडली की विरळ होतात. काळविटालाही मोकळं रान लागतं. झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी आणि बांधावर हिवर, बोर, देशी बाभूळ लावा, तीही विरळ. पाणी अडवायला उतारावर दगडांच्या ओळी पुरतात.

बी-बियाणं: मूळ दुखणं चराईचं. जनावरं आधी पवना, मारवेल खातात, त्यांना बी धरू देत नाहीत, कुसळी उरते. कुसळी हटवायला पेटवून देऊ नका. तिचं बी कुसळाच्या पिळानं मातीत शिरतं, त्यामुळं आगीतून वाचतं. त्यापेक्षा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, फुलोऱ्यात, कुसळं कडक व्हायच्या आत कापा. तेव्हा चाराही चांगला. नंतर तीच कुसळं शेळ्यांच्या तोंडात रुततात.

पेरणी फक्त उघड्या टकलांवर. अंजन गवताचं बी हेक्टरी ५ किलो, ओल्या मातीत कालवून, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही; १ सेंमीपेक्षा खोल नको. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, मागच्या हंगामाचं घ्या. मारवेलचे ठोंब (मुळांसकट झुबके) दीड-दोन फुटांवर लावा. सोबत स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक, त्याचं बी ८० अंशांच्या पाण्यात ३-४ मिनिटं ठेवलं की टणक साल सैल होते.

आता पावसाचा भरवसा नाही. जूनच्या सरीवर उगवलेली रोपं जुलैच्या खंडात करपतात. मग मोठा पाऊस पडतो तो तुडवलेल्या, कवच धरलेल्या जमिनीवरून वाहून जातो. म्हणून निम्मं बी जूनमध्ये, निम्मं खंड संपल्यावर टाका. जुने ठोंब मात्र खोल मुळांवर तग धरतात, त्यामुळं आहेत ते आधी सांभाळा.

प्रश्नकर्ता: चराई बंद केली तर शेळ्या कुठं न्यायच्या? गावात भांडणं होतील.

माळरान्या: सगळं बंद करूच नका दादा. चार तुकडे पाडा. दरवर्षी एक तुकडा जूनपासून बी गळेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत बंद. नंतर तिथलं गवत कापून वाटायचं. बी गळाल्यावर चाऱ्याचा कस उतरतो, पण त्या वर्षी तो तोटा सोसावाच लागतो. ग्रामसभेत ठराव करून घ्या; कापणीचा वाटा आधी ठरला नाही तर बंदी दोन महिनेही टिकत नाही.

वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली तर बुडखा दुप्पट फुटतो. पावसानंतर माती ओली असताना कोवळी रोपं उपटा; मोठ्या झाडाचा बुडखा जमिनीखाली फूटभर उकरून तोडा. शेंगा पिकल्या की शेळ्या तिकडं सोडू नका. चावून न फुटलेलं बी लेंडीतून माळभर पसरतं.