विमा क्षेत्रात माहिती सुरक्षेचं काम, नाशकात राहून. कोणता कोर्स करू?

गंगापूररोडकर: आरोग्य विम्याच्या क्लेम्समध्ये बरीच वर्षं आहे. आता माहिती सुरक्षेच्या जोखीम सल्लागारीकडे वळायचंय. कोडिंग येत नाही. बजेट ४०,००० रुपये, आईमुळे नाशिक सोडता येणार नाही. आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) लीड ऑडिटर की सीसा (माहिती यंत्रणांच्या ऑडिटचं सर्टिफिकेट)?

सातपूरचा_सन्या: डोळे झाकून सीसा. माझा पगार बघाल तर चक्रावाल.

जेलरोड_काकू: अहो, बजेट वाचा की! सीसा देणाऱ्या आयसाका संस्थेचे सभासद नसाल तर नुसती परीक्षाच ७६० डॉलर. पास झालं तरी सर्टिफिकेटला ५ वर्षांचा अनुभव लागतो, थोडीफार सूट मिळते एवढंच.

सातपूरचा_सन्या: सभासदांना ५७५ आहे काकू.

हॅकर_पंचवटी: ऑडिट म्हणजे कागद रंगवणं. एथिकल हॅकिंगचं सीईएच करा, मजा येते.

द्वारका_सर्कल: विमावाल्यांनी आधी वडिलांच्या मोतीबिंदूचे पैसे द्यावेत, मग सुरक्षेचं बघू.

जेलरोड_काकू: त्याचा वेगळा धागा काढा.

अंबडचा_ऑडिटर: कोर्स नंतर. आधी विमा नियामक आयआरडीएआयची २०२३ची माहिती व सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वं वाचा, फुकट आहेत. विमा कंपन्यांबरोबर ब्रोकर आणि कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणारे टीपीएही त्यात येतात, दरवर्षी ऑडिट करून घ्यावं लागतं. नाशकातलं काम तिथे आहे. एका ब्रोकरकडे गेलो तर पेशंटची आधार कार्डं, डिस्चार्ज समरी, सगळं ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. नोकरी सोडून गेलेल्या मुलीचं लॉगिनही चालूच. हे पकडायला कोडिंग कशाला? क्लेमची फाइल कुणाकुणाच्या हातातून जाते ते माहीत हवं, ते तुम्हाला आहेच. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा, म्हणजे सर्ट-इनचा २०२२चा नियमही बघून ठेवा. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. मुलाखतीत विचारतात.

सातपूरचा_सन्या: मीही तेच म्हणतोय. सीसा.

हॅकर_पंचवटी: पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई करणारे आहेत की. पासधारकांच्या आदर्श डब्यात बसायचं, अभ्यासही होतो.

जेलरोड_काकू: रोज जाऊन बघा, मग बोला. आमच्या ह्यांची कंबर गेली.

गंगापूररोडकर: सगळ्यांचे आभार. लीड ऑडिटरचे पैसे भरले, पुण्यात ५ दिवस वर्गात बसून. ऑफिस अर्धी फी देतंय, सीसाला दमडी देत नाही. अंबडकर, पीडीएफ उतरवून घेतलीय, बसमध्ये वाचतो.

सातपूरचा_सन्या: पस्तावाल.

द्वारका_सर्कल: तुम्ही क्लेम्समध्येच आहात ना? मोतीबिंदूचं तेवढं बघता का?